ऊन पाण्याला राखणदार हवा

इंग्लंडमधल्या बाथ शहरातली पंप रूम पाहायला गेलेला प्रवासी बहुधा खांब, झुंबर आणि उंच खिडक्या पाहून परततो. टॉमस बाल्डविनने १७८९ मध्ये सुरू केलेली आणि जॉन पामरने १७९९ मध्ये पुरी केलेली ही वास्तू देखणी आहेच. पण खरं पाहण्याजोगं आहे ते तिथलं पाण्याचं नियोजन. सुमारे ४६ अंशांचं पाणी जिथे जमिनीतून वर येतं, तिथे आज कोणी उतरत नाही. ते नळीतून दिवाणखान्यातल्या कारंज्यापर्यंत येतं आणि तिथे उभा असलेला माणूस ते पेल्यात भरून देतो. उगम, पिणं आणि आंघोळ अशा तीन गोष्टींना तीन जागा आहेत. रत्नागिरी जिल्ह्याने त्या वास्तूकडून घ्यावं ते एवढंच, आणि ते आपल्याला परवडणारं आहे.

कारण ऊन पाणी आपल्याकडे कमी नाही. संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी, दापोलीत उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर गेलेल्या झऱ्यांच्या लांब रांगेचं हे दक्षिणेकडचं टोक. पाणी तापण्याचं कारण विचारलं की ज्वालामुखीचं किंवा गंधकाचं नाव घेतलं जातं. पण कोकणात जागता ज्वालामुखी नाही, आणि दख्खनचा लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षं लोटली आहेत. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जाणाऱ्या पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वाटेत खडकातले क्षार त्यात विरघळतात. उन्हवऱ्याला उगमापाशी तापमान सत्तरीच्या आसपास, तुरळला साठीच्या आसपास असतं. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. असं असूनही आपल्या बऱ्याच कुंडांवर तापमान सांगणारी साधी पाटी दिसत नाही. कडेला साबणाचा फेस आणि शांपूच्या फाटक्या पुड्या. त्याच काठावर कोणी गुडघे शेकत बसलेलं, आणि कोणी तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने तोंडात घेत असलेलं.

पाणी उकळत्यासारखं असतं, त्यात जंतू कसले टिकणार, हा पहिला आक्षेप. याचं उत्तर बाथनेच फार मोठी किंमत देऊन मिळवलं. १९७८ मध्ये तिथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने दगावली. संसर्ग होता नेग्लेरिया नावाच्या अमीबाचा, आणि हा जीव कोमट-ऊन पाण्यातच वाढतो. स्नानगृहं बंद झाली. पुढे थेट खोल खडकातून पाणी आणणारी नवी कूपनलिका खोदली गेली आणि नवं स्नानगृह उघडायला २००६ साल उजाडलं. दोन हजार वर्षांच्या लौकिकाने त्या शहराला वाचवलं नाही, तपासणीने वाचवलं. उगमाला कढत असलेलं पाणी कुंडात साचून निवत जातं आणि या जीवाला मानवेल अशा उबेला येतं, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे झरे देवाचे आहेत, तिथे नळ्या आणि प्रयोगशाळा कशाला? पण बाथचा झराही देवीचाच होता. रोमनांनी सुलिस मिनर्व्हाचं देऊळ तिथेच बांधलं आणि लोकांनी झऱ्यात वाहिलेली हजारो नाणी पुढे सापडली. आपल्या गावांत देवराईतलं लाकूड तोडायचं नाही हा नियम श्रद्धेनेच पाळला जातो. उगमात साबण न्यायचा नाही हा त्याच जातीचा नियम आहे, आणि गावाने मनावर घेतलं तर तो सरकारी फलकापेक्षा चांगला पाळला जाईल.

औषधी गुणांबद्दल मात्र जपून बोलावं. या पाण्याने त्वचारोग आणि सांधेदुखी बरी होते, असं सर्रास सांगितलं जातं. उबेने सांधे मोकळे होतात हे खरं. त्यापुढचे दावे नोंदींशिवाय करता येत नाहीत. बाथला १७४२ मध्ये उघडलेल्या रुग्णालयाने कोण कशासाठी आलं आणि कसं परतलं, हे लिहून ठेवलं. शिशाच्या विषबाधेने लुळे पडलेले रुग्ण तिथे सुधारत असल्याचं त्यात दिसत होतं. विसाव्या शतकात संशोधकांनी पडताळणी केली तेव्हा कळलं, की गळ्यापर्यंत पाण्यात बराच वेळ बसल्याने लघवीवाटे शिसं अधिक बाहेर पडतं. म्हणजे गुण होता तो बुडून बसण्यात. नोंदी नसत्या तर हा उलगडा झाला नसता. पिण्याबाबत तर जास्तच सावध राहावं लागेल, कारण ऊन पाण्यात फ्लोराईड अधिक उतरण्याची शक्यता असते आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही.

उरला पैशाचा प्रश्न, आणि त्यामागची भीती रास्त आहे: सोय झाली की हॉटेलं येतील आणि गावकऱ्याला स्वतःच्याच कुंडावर तिकीट काढावं लागेल. म्हणून सुरुवात इमारतीपासून करू नये आणि ताबा ग्रामपंचायतीकडेच राहावा. उगमाभोवती कठडा, आंघोळीला वेगळं पाणी, कपड्यांना त्याहून खाली तिसरी जागा, आणि तापमान व तपासणीचा निकाल लिहिलेला फळा. विहिरींचे नमुने घ्यायला ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक असतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याने विहिरींसोबत कुंडाचीही एक बाटली भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवावी; आरवली आणि तुरळ महामार्गालगत असल्याने ही सुरुवात तिथून करणं सर्वांत सोपं.