पॉट-लिमिट ओमाहा आणि होल्डेम : ब्लफच्या डावपेचांचे तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

हाती दुबळी पाने असताना मोठी पैज लावून प्रतिस्पर्ध्यास माघार घेण्यास भाग पाडणे, यास पोकर या खेळात ब्लफ असे म्हणतात. मराठीत त्यास ‘हूल देणे’ हा समर्पक शब्दप्रयोग आहे. सामान्यतः ब्लफ हा धाडसाचा किंवा मुद्राभिनयाचा विषय समजला जातो. वस्तुतः तो गणिताचा विषय आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्यूतसिद्धांतावरील ग्रंथात पोकरचे एक सोपे प्रतिमान मांडले आणि हूल देणे हा उत्तम खेळाचा अपरिहार्य भाग असल्याचे दाखवून दिले. जो खेळाडू केवळ चांगल्या पानांवरच पैज लावतो, त्याची पैज स्वीकारण्यास पुढे कोणी तयार होत नाही, हे त्यामागील कारण होय.

पोकरच्या अनेक प्रकारांपैकी होल्डेम हा सर्वाधिक लोकप्रिय असून त्याखालोखाल पॉट-लिमिट ओमाहाचा क्रमांक लागतो. दोन्ही खेळ वरकरणी सारखे दिसतात. त्यामुळे होल्डेममध्ये तयार झालेला खेळाडू तेथील ब्लफचे आडाखे ओमाहात जसेच्या तसे वापरतो आणि बहुधा मोठे नुकसान सोसतो. याउलट ‘ओमाहात हूल देऊच नये’ असाही एक समज रूढ आहे. हे दोन्ही दृष्टिकोन अपुरे कसे ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. दोन्ही खेळांची रचना

होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूस दोन खाजगी पाने मिळतात व टेबलावर पाच सामाईक पाने उघडली जातात. प्रथम तीन पाने उघडतात, त्यास फ्लॉप म्हणतात. चौथ्या पानास टर्न व पाचव्यास रिव्हर अशी संज्ञा आहे. या एकूण सात पानांतून कोणत्याही पाच पानांचा सर्वोत्तम हात बनविता येतो. ओमाहात खाजगी पाने चार असतात. परंतु हात बनविताना स्वतःची नेमकी दोन व टेबलावरील नेमकी तीन पाने वापरणे बंधनकारक असते. हा ‘नेमकी दोन’ चा नियम पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे, तर चार पाने २,७०,७२५ प्रकारे वाटली जाऊ शकतात. म्हणजेच ओमाहातील आरंभीच्या हातांची संख्या होल्डेमच्या सुमारे २०४ पट आहे. शिवाय चार पानांतून दोन पानांच्या सहा जोड्या निघतात. त्यामुळे ओमाहाचा खेळाडू एका अर्थाने होल्डेमचे सहा हात एकाच वेळी धरून बसलेला असतो.

दुसरा भेद पैजेच्या मर्यादेचा आहे. होल्डेम आज प्रामुख्याने नो-लिमिट पद्धतीने खेळला जातो. म्हणजे खेळाडू आपली सर्व रक्कम केव्हाही पणास लावू शकतो. पॉट-लिमिट पद्धतीत टेबलावर जमा झालेल्या रकमेपेक्षा, म्हणजे पॉटपेक्षा, मोठी पैज लावता येत नाही. पॉटमध्ये १०० रुपये असतील तर पहिली पैज जास्तीत जास्त १०० रुपयांची होते. ती वाढवू इच्छिणाऱ्याने प्रथम १०० रुपयांची बरोबरी केली असे धरले, तर पॉट ३०० रुपयांचा होतो. म्हणून त्यास एकूण ४०० रुपयांपर्यंत जाता येते.

२. पैजेचा आकार आणि ब्लफचे प्रमाण

१०० रुपयांच्या पॉटमध्ये १०० रुपयांची हूल दिली, तर ती दोहोंपैकी एकदा यशस्वी झाली तरी देणाऱ्याचे नुकसान होत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पाहिल्यास, त्यास १०० रुपये भरून २०० रुपये जिंकावयाचे असतात. म्हणून तीनपैकी एकदा तो पुढे असला तरी पैज स्वीकारणे त्यास परवडते. यावरून असा निष्कर्ष निघतो की, शेवटच्या फेरीत पॉटएवढी पैज लावणाऱ्याने दोन खऱ्या पैजांमागे एक हूल एवढेच प्रमाण राखावे.

नो-लिमिटमध्ये याच १०० रुपयांच्या पॉटमध्ये २०० रुपयांची पैज लावता येते. तेव्हा पैज स्वीकारण्यासाठी प्रतिस्पर्ध्यास किमान ४० टक्के शक्यता लागते आणि हूल देणाऱ्यास तीन खऱ्या पैजांमागे दोन हुली देता येतात. पॉट-लिमिट पद्धती हे शस्त्र काढून घेते. तेथे अवाढव्य पैजेच्या दडपणाने कोणास उठविता येत नाही.

तथापि हे दडपण टप्प्याटप्प्याने उभे करता येते. प्रत्येक फेरीत पॉटएवढी पैज लावली व ती स्वीकारली गेली, तर पॉट दर वेळी तिप्पट होतो. १० रुपयांच्या पॉटपासून सुरुवात केल्यास तीन फेऱ्यांतील पैजा अनुक्रमे १०, ३० व ९० रुपयांच्या होतात आणि अखेरीस पॉट २७० रुपयांवर जातो. ज्याच्यापाशी १३० रुपये आहेत त्याचे सर्वस्व अशा रीतीने पणास लागते. म्हणून ओमाहातील मोठी हूल ही क्षणाची उपज नसते. फ्लॉपवर पहिली पैज लावतानाच रिव्हरचा विचार करावा लागतो.

३. एक प्रसिद्ध हूल व तिचा पडताळा

२००३ साली लास व्हेगास येथील जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेत हिशेबनीस असलेला हौशी खेळाडू ख्रिस मनीमेकर व व्यावसायिक खेळाडू सॅमी फरहा हे दोघेच अखेरीस उरले होते. खेळ नो-लिमिट होल्डेमचा होता. मनीमेकरजवळ इस्पिकचा राजा व बदामाची सत्ती होती. फरहाजवळ इस्पिकची राणी व बदामाची नव्वी. टर्नपर्यंत टेबलावर इस्पिकच्या नव्वी, छक्की व अठ्ठी आणि चौकटची दुर्री ही पाने आली. फरहाजवळ नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरजवळ जोडीही नव्हती. तरीही टर्नवर त्याने पैज वाढविली. रिव्हरला बदामाची तिर्री आली आणि त्याने सर्व रक्कम लावली. फरहाने विचारांती पाने टाकली. मनीमेकरने ती स्पर्धा व २५ लाख डॉलर जिंकले.

टर्नवरील मनीमेकरची पैज निव्वळ हूल नव्हती. एक इस्पिक आले असते तर फ्लश आणि पंजी वा दश्शी आली असती तर स्ट्रेट पूर्ण झाला असता. त्याला न दिसलेल्या ४६ पानांपैकी अशी १५ पाने होती. म्हणजे सुमारे ३३ टक्के आशा शिल्लक होती. पुढे सुधारण्याची संधी राखून दिलेल्या अशा हुलीस सेमी-ब्लफ म्हणतात.

हाच प्रसंग ओमाहाच्या नियमांत ठेवून पाहिल्यास चित्र पालटते. तेथे हातातील नेमकी दोन पाने वापरावी लागत असल्याने एकट्या इस्पिकच्या राजाने फ्लश कधीच बनत नाही. टेबलावर चौथे इस्पिक आले तरी नाही. एकट्या सत्तीने स्ट्रेटही बनत नाही. सोबतच्या अन्य दोन पानांची मदत नसेल, तर त्या १५ पानांपैकी एकही पान उपयोगाचे ठरत नाही. होल्डेममध्ये जी विचारपूर्वक दिलेली अर्धी हूल होती, ती ओमाहात संपूर्ण हूल ठरली असती. योगायोग असा की, फरहाने १९९६ मध्ये याच मालिकेत पॉट-लिमिट ओमाहाची स्पर्धा जिंकली होती.

४. प्रतिस्पर्ध्याच्या हाताची शक्यता

होल्डेममध्ये हूल यशस्वी होण्याचे मुख्य कारण म्हणजे बहुतेक वेळा कोणाजवळच फारसे काही नसते. टेबलावर तीन इस्पिक आहेत व हूल देणाऱ्याजवळ एकही इस्पिक नाही, असे रिव्हरवर समजू. यदृच्छेने वाटलेल्या पानांत एका प्रतिस्पर्ध्याजवळ फ्लश असण्याची शक्यता होल्डेममध्ये ४.५ टक्के, तर ओमाहात २२.६ टक्के येते. प्रत्यक्षात रिव्हरपर्यंत टिकलेल्या खेळाडूचे हात यदृच्छ नसतात, त्यामुळे हा आकडा आणखी वाढतो. प्रतिस्पर्धी दोन-तीन असल्यास साध्या भीतीवर आधारलेली हूल ओमाहात फोल ठरते.

फ्लॉपवरही अशीच स्थिती असते. होल्डेममध्ये दोन्ही टोकांनी खुल्या स्ट्रेटला आठ पाने पूर्ण करू शकतात व रिव्हरपर्यंत त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता सुमारे ३१.५ टक्के असते. ओमाहात गुलाम, दश्शी, सत्ती व छक्की हाती असून फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी व दुर्री आली, तर स्ट्रेट पूर्ण करणारी पाने वीस होतात आणि ती शक्यता जवळजवळ ७० टक्क्यांवर जाते. असा हात धरणारा खेळाडू पैजेला भिऊन उठणार नाही. पण हाच हात हूल देणाऱ्याजवळ असेल, तर त्याची पैज स्वीकारली गेली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. म्हणून आरंभीच्या फेऱ्यांत ओमाहातील हूल ही बहुतांशी सेमी-ब्लफच असावी लागते.

५. रोधक पानाचे महत्त्व

रिव्हरवर सुधारणेची आशा संपते. तेथे ओमाहाचा खेळाडू ज्या आधाराने हूल देतो, तो आधार म्हणजे ब्लॉकर, अर्थात रोधक पान. टेबलावर तीन इस्पिक आहेत व खेळाडूजवळ इस्पिकचा एक्का आहे, पण दुसरे इस्पिक नाही. त्याच्याजवळ फ्लश नाही. परंतु सर्वोच्च फ्लश अन्य कोणाजवळही असू शकत नाही, ही गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक असते. प्रतिस्पर्ध्याजवळ कोणताही फ्लश असण्याची शक्यता आता १८.८ टक्क्यांवर येते आणि जो असेल तो दुय्यम असतो. पूर्वी, म्हणजे एकही इस्पिक हाती नसताना, प्रतिस्पर्ध्याच्या संभाव्य फ्लशांपैकी पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक फ्लश एक्क्याचे होते. तो धोका पूर्णपणे नाहीसा झाला.

ओमाहात सर्वोच्च हात वारंवार दिसत असल्याने अनुभवी खेळाडू मोठ्या पैजेपुढे दुय्यम फ्लशही टाकण्यास तयार असतो. तेव्हा होल्डेममध्ये हूल प्रायः एका जोडीला उठविण्यासाठी दिली जाते, तर ओमाहात ती चांगल्या पण सर्वोत्तम नसलेल्या हाताला उठविण्यासाठी दिली जाते. फॉन नॉयमनच्या प्रतिमानात सर्वांत दुबळ्या पानांनी हूल द्यावी असे निष्पन्न होते. ओमाहात त्याला जोड द्यावी लागते : पाने दुबळी तर असावीतच, पण त्यांनी प्रतिस्पर्ध्याचा सर्वोत्तम हात अडविलाही पाहिजे.

अर्थात केवळ एक्का हाती आला म्हणून दर वेळी हूल देणे हीदेखील चूकच होय. आधीच्या फेऱ्यांतील पैजा खऱ्या फ्लशला शोभणाऱ्या नसतील, तर जाणकार प्रतिस्पर्धी ती ओळखतो. शिवाय टेबलावर एखादे पान जोडीने आले असेल, तर फुल हाउस हा सर्वोच्च फ्लशलाही मागे टाकतो व एक्क्याची रोधकता निरर्थक ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, पॉट-लिमिटच्या मर्यादेमुळे हुलीचे प्रमाण व तिचा धाक दोन्ही मर्यादित राहतात आणि ती तीन फेऱ्यांत आखावी लागते. दुसरी, ‘नेमकी दोन पाने’ या नियमामुळे होल्डेममधील अनेक सेमी-ब्लफ ओमाहात निराधार होतात. तिसरी, होल्डेममध्ये हूल प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणावर उभी असते, तर ओमाहात ती देणाऱ्याच्या हातातील पुराव्यावर उभी असते.

भारतात २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य व नशीब असा भेद न करता, बंदी घातली आहे. त्यामुळे येथील अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाचे मूल्य मुख्यतः बौद्धिक आहे. अपुरी माहिती असताना निर्णय कसा घ्यावा, हा प्रश्न व्यापार, वाटाघाटी व लिलाव यांतही उपस्थित होतो. एका क्षेत्रात यशस्वी ठरलेली युक्ती दुसऱ्या क्षेत्रात नेताना, ती मुळात कोणत्या नियमामुळे यशस्वी झाली होती याचा शोध प्रथम घ्यावा लागतो, हाच या तुलनेतून मिळणारा बोध होय.