कहरुबा आणि त्यातील कीटक

फारसीतून उर्दूत आलेला ‘कहरुबा’ हा शब्द ‘काह’ म्हणजे वाळलेले गवत आणि ‘रुबा’ म्हणजे ओढून नेणारा, या दोन पदांचा बनला आहे. लोकरी कापडावर घासला की हा पिवळसर खडा काडीकचरा स्वतःकडे ओढतो. संस्कृतातील ‘तृणमणी’ या नावामागेही हेच निरीक्षण आहे. अरबीत तर विजेलाच ‘कहरबा’ म्हणतात. याउलट ‘अंबर’ हा शब्द घोटाळ्यात टाकणारा आहे. मूळ अरबीत तो देवमाशापासून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याचे नाव. युरोपात गेल्यावर तो या खड्याला चिकटला. उर्दू जाणणारा विद्यार्थी वर्गात ‘अंबर’ ऐकून अत्तराकडे वळला, तर दोष त्याचा नाही.

कहरुबा हा खनिज दगड नव्हे. ती झाडाची राळ आहे. सालीला जखम झाली की चिकट राळ पाझरते. त्यात बसलेला डास, मुंगी किंवा माशी अडकते, वरून दुसरा ओघळ येतो आणि हवेचा संपर्क तुटतो. पुढे ही राळ गाळाखाली दबते, तिच्यातील उडून जाणारी द्रव्ये निघून जातात, लहान रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ती कठीण होते.

याचे एक महत्त्वाचे उदाहरण वडोदऱ्यापासून फार दूर नाही. सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे 5 ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा कहरुबा सापडला. भारतीय, जर्मन व अमेरिकन संशोधकांनी 2010 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 700 हून अधिक कीटक व इतर संधिपाद प्राणी होते. ही राळ शालवृक्षाच्या कुळातील झाडांची, म्हणजे आपल्या बाजारातील राळेची दूरची नातलग. ती विशिष्ट द्रावकांत बरीचशी विरघळते, त्यामुळे काही कीटक अखंड बाहेर काढता आले. इतरत्र बहुधा खड्यातूनच पाहावे लागते.

खरे कुतूहल पुढेच आहे. मादागास्करपासून सुटल्यावर भारतीय भूखंड कोट्यवधी वर्षे समुद्रातून एकटाच उत्तरेकडे सरकत होता, असे आपण शिकवतो. मग येथील कीटक जगावेगळे असायला हवेत. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेकांचे नातलग युरोप, आशिया आणि मध्य अमेरिकेतही निघाले. म्हणजे हा एकांतवास समजतो तितका कडक नसावा. वाटेतल्या बेटांवरून ये-जा झाली असावी. माझ्या मते भूगोलाच्या तासाला हा पुरावा नकाशाइतकाच महत्त्वाचा आहे.

1993 च्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटामुळे विद्यार्थी हटकून विचारतात, की डासाच्या पोटातील रक्तातून डायनासोर घडवता येईल का? वस्तानचे कीटक तर डायनासोर नष्ट झाल्यानंतर कोटभर वर्षांनी जगले. त्याहून जुन्या कहरुब्यातूनही ते शक्य नाही, कारण डीएनए इतका काळ टिकत नाही. त्या दशकात कहरुब्यातील कीटकांचा डीएनए मिळाल्याचे दावे झाले होते, पण लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील संशोधकांना 1997 साली तसा डीएनए मिळू शकला नाही. शरीराची ठेवण, केस, पंखांवरच्या शिरा मात्र शाबूत राहतात आणि कीटकाची ओळख त्यांवरूनच पटते.

वस्तानचा लिग्नाइट वीज तयार करण्यासाठी खणला गेला. वेळीच वेचून बाजूला न काढलेला खडा त्याच्याबरोबर भट्टीत जातो.