मधुमेह, यकृत आणि आपले ताट

दारू पिणाऱ्याचेच यकृत बिघडते, असा आपल्याकडे समज आहे. परंतु थेंबही न घेणाऱ्या मधुमेही माणसाच्या यकृतातही चरबी साठते. तिचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की डॉक्टर त्यास फॅटी लिव्हर म्हणतात. भात, पोळी, साखर गरजेपेक्षा जास्त झाली की उरलेल्याची चरबी यकृतच बनविते. असे यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहते. कॅश काउंटरवर नोटांचा ढीग असताना तिजोरीतून आणखी पाठवीत राहावे, तसा हा प्रकार!

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हांस मोलाचा वाटतो. टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना ८ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचाच आहार दिला. उपाशीपोटीची साखर पहिल्याच आठवड्यात सामान्य झाली. यकृतातील चरबी १२.८ वरून २.९ टक्क्यांवर आली.

आपण निदान गोड चहा, सरबते व फळांचे रस सोडावेत आणि भात कमी करून उसळ, पालेभाजी वाढवावी. रसातील फ्रुक्टोजचा बराच भाग यकृतातच जातो. त्यापेक्षा अख्खा पेरू बरा. मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम तोडू नये. साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.