रॅम्प खाली, रॅम्प वर

पहाटे साडेपाच. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या माणसाला मुंबईचा भाऊचा धक्का आधी नाकाने कळतो. मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो, बर्फ फुटत असतो, डोक्यावर टोपली घेतलेली बाई "बाजू!" म्हणत अंगावरून जाते. अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट, शेजारच्याच टर्मिनलवरून सुटते. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर आपण एका दमात मारतो, पण मुंबईहून अलिबाग गाठायला पनवेल-पेणमार्गे तीन-चार तास जातात. पाण्यावरून मांडव्यापर्यंत साधारण तासभर पुरतो.

सात. गाड्यांची रांग लागते. बोटीची खरी कसोटी समुद्रात लागत असेल, हा आपला जमिनीवरचा समज. सारं कसब गाड्या चढवण्याच्या या अर्ध्या तासात असतं. आमची बोट एम-टू-एम-वन ग्रीसमध्ये बांधलेली, सुमारे पाचशे प्रवासी आणि दीडशेच्या आसपास गाड्या घेणारी. पण ओझं एका अंगाला गेलं तर बोट कलते. म्हणून कोण कुठे उभं राहणार हे गाडीवाला ठरवत नाही, खलाशी ठरवतो. हाताच्या दोन बोटांनी तो गाड्या इंचाइंचाने पुढे घेतो. "आरसे मिटा! हँडब्रेक ओढा!" आमची नागपूरची एमएच 49 पाटी पाहून म्हणाला, "लांबून आलात, दादा. गिअरमध्ये ठेवा आणि वर जा." आत बसून राहायची परवानगी नाही. भरती-ओहोटीने पाणी काही मीटर वर-खाली होतं, तसा रॅम्पचा उतारही बदलतो. खालून घासणाऱ्या बुटक्या गाडीचा मालक तेव्हा देवाचं नाव घेतो.

आठच्या सुमारास रॅम्प वर, दोर सुटतात. वर चहा, वडा, सेल्फी. डावीकडे घारापुरी आणि जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, उजवीकडे नौदलाची जहाजं. याच भाऊच्या धक्क्यावरून 17 जुलै 1947 रोजी पलीकडच्या रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या म्हाताऱ्यांना ती गटारी अमावस्या अजून आठवते. पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद होतात. रो-रो मात्र हवामान साथ देईल तोवर चालते.

नऊ. कनकेश्वराचा डोंगर जवळ येतो. मांडव्याला लाटा अडवायला बांध आहे, तरी गाळ साचतोच आणि उपसावाही लागतो. रॅम्प खाली. गाड्या वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर, परतीच्या आत.

दुपार म्हणजे हेच पुन्हा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी, विशेषतः रविवारी, मांडव्याला रांग लांबते. अलिबागच्या बंगल्यांतून परतणारे, मागच्या सीटवर कुत्री, डिकीत आंबे. खलाशाचा आवाज बसलेला, पण बोटं तशीच हलतात. शेवटच्या फेरीनंतर डेक पाण्याने धुतला जातो.

ही रो-रो सेवा 15 मार्च 2020 ला सुरू झाली आणि दहा दिवसांत टाळेबंदी आली. ऑगस्टात पुन्हा चालू झाली. माझं मत विचाराल तर सोय उत्तम, पण ती मुख्यतः गाडीवाल्यांची. रेवसची लाँच आणि पुढे एसटी, हा सामान्य माणसाचा रस्ता अजून तोच आहे. खाली कोकणात दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून गावकऱ्यांच्या दुचाकी, टेम्पो वाहते आणि एसटीला जोडलेल्या रोजच्या गरजा भागवते, तसं काही इथेही व्हायला हवं.

नागपूरकडून गाडी घेऊन निघणार असाल तर तिकीट आधीच काढा, वेळापत्रक त्याच दिवशी पुन्हा बघा, वार आणि हवामानाप्रमाणे ते बदलतं. आणि डेकवर खलाशी दाखवील तिथेच गाडी लावा, वाद घालू नका.