घोडे खाली, पाहुणे वर!

जुन्या इंग्लिश सराईचं नुसतं दर्शनी तोंड बघून पुढे जाऊ नका. खरी गंमत कमानीच्या आत आहे! वाटसरू, घोडे आणि माल यांची सोय बघत बघत या इमारती घडल्या. हे घ्या पाच अस्सल नमुने :

चौकात या! ग्लॉस्टरची ‘न्यू इन’ तिथल्या मठाने यात्रेकरूंसाठी १४५० च्या सुमारास बांधली. कमानीतून शिरलं की चौसोपी वाड्यासारखा मोकळा चौक लागतो. भोवताली वरच्या मजल्यांना लाकडी सज्जे. खोल्यांची दारं थेट सज्ज्यात उघडायची, त्यामुळे आत बोळ काढायची गरजच नाही.

खाली दगड, वर लाकूड सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातली ‘जॉर्ज इन’ पाहा. तळमजला भक्कम दगडी, वरचे दोन मजले लाकडी चौकटीचे. तेही पायरीपायरीने रस्त्याकडे पुढे आलेले! मालकी कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती मठाची. गावच्या जत्रेला लोकर आणि कापडाचे व्यापारी इथेच उतरत. १६८५ मध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मॉनमथनेही इथे मुक्काम ठोकला होता.

सुतारांचे आकडे ओकचं लाकूड ओलं असतानाच कापायला सोपं. सुतार आधी आपल्या आवारात सांगाडा जुळवत, सांध्यांवर रोमन आकडे कोरत आणि सगळं सुटं करून जागेवर नेत. तिथे आकड्याला आकडा जुळवायचा आणि लाकडी खुंटी ठोकायची. पुढे लाकूड वाळताना पिळायचं. जुन्या सराईतली तिरकी दारं आणि उतरती जमीन ही त्याचीच करामत. नीट निरखलंत तर तुळयांवर ते आकडे आजही सापडतात.

नक्षीचा थाट लडलोची ‘फेदर्स’ १६१९ मध्ये एका वकिलाचं घर म्हणून उभी राहिली, सराई झाली नंतर. दर्शनी भिंतीवर लाकडाची इतकी नक्षी की नजर हटत नाही.

लंडन की यॉर्क? स्टॅमफर्डच्या ‘जॉर्ज’चा फलक अख्ख्या रस्त्यावर आडव्या टाकलेल्या तुळईला लटकतो. प्रवेशाशी समोरासमोर दोन खोल्या, दारांवर नावं ‘लंडन’ आणि ‘यॉर्क’. जिकडची घोडागाडी पकडायची, त्या खोलीत बसा!

पुढे रेल्वे आली आणि घोडागाड्यांचे चौक ओस पडले. लंडनच्या सदर्कमधल्या ‘जॉर्ज’च्या सज्ज्यांच्या दोन बाजू तर १८८९ मध्ये रेल्वे कंपनीनेच पाडल्या. उरलेली बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट ही वारसा-संस्था जपते आहे. सज्जे असलेली लंडनमधली ही शेवटची सराई, म्हणून तिचा एकेक कठडा मोलाचा!