वाट मोकळी करणाऱ्यांची पदके

हिंजवडीहून खडकीला जाताना वाकड, सांगवी, दापोडी अशी गावे लागतात. या रस्त्यावर आम्हा आयटीवाल्यांचे निम्मे आयुष्य जाते, पण खडकीच्या लष्करी भिंतीपलीकडे काय आहे, याची चौकशी फारसे कुणी करत नाही. तिथे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. पूल बांधणे, सुरुंग काढणे, सैन्याला वाट करून देणे हे सॅपरचे काम. या दलातल्या दोघांना सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि दोघांनाही ते वाट मोकळी केल्याबद्दल.

पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. 1941च्या जानेवारीअखेर ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत शत्रू मागे हटताना रस्ताभर सुरुंग पेरून गेला होता. भगत चार दिवस पुढेच राहिले. 55 मैलांच्या वाटेवर त्यांनी सुरुंगांची 15 क्षेत्रे शोधून साफ करवून घेतली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला. तरी त्यांनी काम दुसऱ्याच्या हाती दिले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे. 1940मध्ये साधे जवान म्हणून ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि डिसेंबर 1947मध्ये अधिकारी झाले. पुढच्या चारच महिन्यांत त्यांच्यावर जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता उघडण्याची जबाबदारी आली. 8 एप्रिल 1948 रोजी सुरुंग काढताना उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी. जखमींत राणेही होते. त्यांनी माघार घेतली नाही. पुढचे तीन दिवस आडवे टाकलेले झाड हटवणे, उडवलेल्या पुलाला बगल देणे, सुरुंग उकरणे, असे काम चालूच राहिले. गोळ्यांच्या माऱ्यात ते रणगाड्याखालून सरपटत गेले, चालकाला दोरीने इशारे देत गाडी पुढे काढली. 12 एप्रिलला आपले सैन्य राजौरीत पोहोचले. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले राणे पहिले.

ते चक्र घडवण्यामागेही एक मराठी घर आहे. स्वित्झर्लंडमधल्या नोशातेल इथे जन्मलेल्या ईव्ह इव्हॉन यांनी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न केले आणि त्या सावित्रीबाई झाल्या. पदकाचे रेखाटन त्यांनीच केले. कांस्याचा गोल, मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे, वर जांभळी फीत. वज्र हे दधीची ऋषींच्या अस्थींचे. स्वतःचे शरीर देऊन इतरांना शस्त्र देणाऱ्याची ती खूण. मला हे चिन्ह सॅपरच्या कामाला सर्वांत शोभते असे वाटते. 26 जानेवारी 1950 रोजी पदकाची स्थापना झाली, ते 15 ऑगस्ट 1947पासून लागू धरले गेले. आजवर ते 21 जणांना मिळाले, आणि त्यातले बहुसंख्य मरणोत्तर.

शौर्यपदक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हल्ला चढवणारा शिपाई उभा राहतो. हल्ला होण्याआधी जमिनीत हात घालून सुरुंग काढणारा माणूस नजरेआड राहतो. म्हणूनच या दोन पदकांचे मोल मला अधिक वाटते.

राणे 1968मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अंदमानातल्या एका बेटाला 2023मध्ये त्यांचे नाव दिले गेले.