प्रतिकारशक्तीचे लगाम : उपचाराविना राहिलेला एचआयव्ही आणि नियामक पेशी

एचआयव्हीविषयी सर्वसामान्य माणसाशी बोलताना आपण डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे एकच उपमा वापरीत आलो आहोत. शरीर हे राज्य, पांढऱ्या पेशी हे त्याचे सैन्य, आणि हा विषाणू त्या सैन्याच्या सेनापतीलाच, म्हणजे सीडी४ पेशीला गारद करतो. समजावण्यासाठी ही उपमा सोयीची आहे आणि ती खोटीही नाही. परंतु तिच्यामुळे एक समज मनात घट्ट रुजला आहे : सैन्य पुरेसे आहे तोवर राज्य सुरक्षित; म्हणजेच सीडी४ चा आकडा चांगला आहे तोवर औषधाची घाई नाही. एकेकाळी उपचारांचे नियमही याच समजुतीला धरून होते. आकडा ठराविक मर्यादेखाली उतरल्याशिवाय औषधे सुरू करीत नसत.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. एकसंध आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये देशातील सर्वाधिक प्रादुर्भावाच्या राज्यांत गणली जात, आणि आपला आदिलाबाद जिल्हा त्या दोहोंच्या सीमेवर. इचोडा तर नागपूर-हैदराबाद महामार्गावरच वसलेले. (या महामार्गावरच्या ट्रकचालकांवर सारा दोष टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे, माझ्या दवाखान्यात आलेली बाधित मुले मात्र बहुतेक शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या घरची होती.) त्यातील अनेक मुलांना आई-वडील नसत. आजी किंवा मावशी घेऊन येई. मुलाचे वजन बरे, ताप नाही, खेळणे चालू. अशा वेळी आजी हमखास विचारते, "डाक्टरसाब, लेकरू खाते, खेळते. मंग रोज गोळी कायले?" या साध्या प्रश्नाचे उत्तर सैन्याच्या उपमेत सापडत नाही. ते शोधण्यासाठी सैन्यातल्याच एका वेगळ्या पथकाकडे वळावे लागते. त्या पथकाचे नाव नियामक टी पेशी.

प्रतिकारशक्ती ही दुधारी शक्ती आहे. ती जंतूंना मारते, पण आवरली नाही तर स्वतःच्याच अवयवांवर उलटते. तिला आवर घालणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, हे जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 'स्कर्फी' जातीच्या आजारी उंदरांत फॉक्सपी३ या जनुकातील दोष शोधला. याच जनुकात दोष असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह आणि इसब यांनी ग्रासणारा 'आयपेक्स' हा दुर्मीळ आजार होतो. नियामक पेशी घडविणारे जनुक हेच, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बालरोगतज्ज्ञाला या इतिहासाचे विशेष अप्रूप वाटते, कारण लगाम नसलेली प्रतिकारशक्ती कशी असते हे जगाला शिकविले ते अशा तान्ह्या मुलांनी.

आता एचआयव्हीकडे येऊ. नियामक पेशी स्वतःही सीडी४ पेशीच असतात आणि विषाणूला आत शिरण्यासाठी लागणारे सीसीआर५ हे दारही त्यांच्यावर असते. त्यामुळे विषाणू त्यांनाही बाधित करतो व त्यांची एकूण संख्या घटते. पण रक्त तपासले असता एक चमत्कारिक गोष्ट आढळते. उपचार न घेतलेल्या व आजार वाढत चाललेल्या रुग्णात उरलेल्या सीडी४ पेशींमध्ये नियामक पेशींचा टक्का वाढलेला दिसतो. संख्या कमी आणि टक्का जास्त, हे कसे? समजा एका गावात शंभर माणसे आहेत आणि त्यांत दहा जागले. गाव ओस पडत चाळीसवर आले आणि जागले सहा उरले. जागल्यांची संख्या घटली, पण प्रमाण दहा टक्क्यांवरून पंधरावर गेले. इतर सीडी४ पेशी अधिक वेगाने नष्ट होतात, नियामक पेशी तुलनेने तग धरतात, शिवाय दाहाच्या वातावरणात काही साध्या पेशींचेही नियामक पेशींत रूपांतर होते. या विषयावरील सुरुवातीच्या निबंधांत एकाने 'पेशी वाढतात' म्हणावे आणि दुसऱ्याने 'घटतात' म्हणावे, असा जो घोळ दिसतो त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे. एकाने टक्का मोजला, दुसऱ्याने संख्या. पाच वर्षांखालील मुलांत सीडी४ ची संख्या न पाहता टक्का पाहण्याची सवय असलेल्या आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा फरक लवकर उमगतो.

मग हा वाढलेला टक्का हितकारक की घातक? माझ्या मते येथेच या विषयाचे मर्म आहे. लगाम दोन्हीकडे चुकीचा पडतो. जिथे तो ढिला हवा, तिथे आवळला जातो. २००४ च्या सुमारास प्रयोगशाळांत असे दिसले की बाधितांच्या रक्तातून नियामक पेशी बाजूला काढल्या की उरलेल्या पेशी एचआयव्हीला अधिक जोमाने प्रतिसाद देतात. म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पेशींचेच हात नियामक पेशींनी धरून ठेवलेले असतात. आणि जिथे लगाम घट्ट हवा, त्या आतड्याच्या अस्तरात मात्र सारे बिघडते. तेथील टीएच१७ या जातीच्या पेशी अस्तराची राखण करतात. संसर्गाच्या अगदी पहिल्या आठवड्यांतच त्या मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, आणि टीएच१७ व नियामक पेशी यांच्यातील समतोल ढळतो. अस्तराला जणू भेगा पडतात व आतड्यातील जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. २००६ मध्ये ब्रेंचली व सहकाऱ्यांनी हे रक्तातील जंतुअंश मोजून सिद्ध केले. या अंशांमुळे सर्व शरीरात मंद दाह धुमसत राहतो. दाहामुळे आयडीओ नावाचे विकर वाढते. ते ट्रिप्टोफॅनचे विघटन करते, आणि त्यातून टीएच१७ आणखी घटून नियामक पेशींचे पारडे आणखी जड होते. दुष्टचक्र पूर्ण होते.

आफ्रिकेतील सूटी मँगाबे या माकडांच्या रक्तात एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूचे प्रमाण भरपूर असते, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्या आतड्यातील टीएच१७ पेशी शाबूत राहतात आणि संसर्गाचा पहिला भर ओसरताच त्यांचा दाह शमतो. विषाणूइतकाच धुमसता दाहही घातक, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

सर्वांत गंभीर नुकसान लसिकाग्रंथींत होते. विषाणूचा कारखाना तिथे चालतो आणि नियामक पेशीही तिथेच गोळा होतात. दाह आवरण्यासाठी त्या टीजीएफ-बीटा हे रसायन सोडतात. हेतू चांगला, परंतु त्याच रसायनाच्या प्रभावाने ग्रंथींमध्ये कोलॅजनचे तंतू साठू लागतात, जशी जुन्या जखमेवर वण पडून कातडी घट्ट व्हावी तशी ग्रंथी घट्ट होते. ग्रंथीतील ज्या जाळ्यावरून नव्या टी पेशींना आयएल-७ हे पोषण मिळते ते जाळेच मोडते. नंतर औषधांनी विषाणू पूर्ण दबला तरी हा वण सहजी भरून येत नाही. उशिरा उपचार सुरू केलेल्या काही रुग्णांत सीडी४ अपेक्षेइतके का वर येत नाही, याचे एक कारण हे आहे.

लहान मुलांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आईच्या पेशी गर्भात शिरत असतात. गर्भाने त्यांच्यावर हल्ला करू नये म्हणून त्याच्या शरीरात नियामक पेशी विपुल असतात, हे २००८ मध्ये दाखविले गेले. निसर्गाने बाळाला लगाम आधीच घट्ट देऊन पाठविलेले असते. अशा बाळाला आईकडून विषाणू मिळाला तर त्याचा मुकाबला मंद होतो व रक्तातील विषाणूचे प्रमाण दीर्घकाळ चढेच राहते. यामागे इतरही कारणे आहेत, पण हे एक मानण्यास आधार आहे.

दक्षिण आफ्रिकेतील 'चेर' अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सहा ते बारा आठवड्यांची, सीडी४ चा टक्का २५ वा अधिक असलेली, म्हणजे कागदावर उत्तम प्रकृतीची बाधित बाळे घेतली होती. थांबून उपचार दिलेल्या गटात १६ टक्के बाळे दगावली, तर लगेच उपचार दिलेल्या गटात ४ टक्के. प्रौढांमध्ये २०१५ च्या 'स्टार्ट' अभ्यासात, सीडी४ पाचशेच्या वर असतानाच औषध घेतलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी आढळले. या अभ्यासांचा हेतू नियामक पेशी मोजणे हा नव्हता. पण आकडा चांगला असतानाही आत काहीतरी जळत असते, हे त्यांनी निर्विवाद दाखविले. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे मिळू लागली आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान होताच उपचार हे धोरण आहे.

उपचारांनी नियामक पेशींची संख्या सावरते व टक्का हळूहळू उतरतो. जितक्या लवकर सुरुवात, तितका समतोल अधिक परततो. म्हणून बाधित मातेच्या बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांचे होताच झाली पाहिजे. आईची प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात राहू शकतात, त्यामुळे नेहमीची चाचणी या वयात निरुपयोगी. टाचेच्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पीसीआरसाठी पाठवावे लागतात. लसीकरणाला बाळ आपल्याकडे येतेच. त्याच भेटीत मातेचा गरोदरपणातील अहवाल मागून पाहावा, अशी माझी सहव्यावसायिकांना विनंती आहे. औषधांची अडचणही आता पूर्वीसारखी नाही. डॉल्युटेग्राविरची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची लहान गोळी मुले कुरकुर न करता घेतात. कडू पातळ औषधे चमच्याने पाजण्याचे दिवस मी पाहिले असल्याने मला तिचे फार कौतुक आहे.

नियामक पेशी मोजण्याची तपासणी रोजच्या व्यवहारात करीत नाहीत आणि तिची गरजही नाही. आजी अहवाल पुढे करून "सीडीफोर किती आहे?" असे विचारते, तेव्हा मी तो आकडा सांगतो, आणि मग बोट व्हायरल लोडच्या रकान्यावर ठेवून आधी तेथे काय लिहिले आहे ते वाचून दाखवितो.